मोर्स कोड ऐकायला क्रिस्टल फिल्टर किती अरुंद हवा? ५०० हर्ट्झ, २५० हर्ट्झ की आणखी कमी?

व्हॉट्सॲपच्या जमान्यात मोर्स कोड कोण वापरतं, असं तुम्हाला वाटत असेल. पण हॅम रेडिओवर आजही रोज हजारो लोक ‘डा-डी-डा-डी’ करत एकमेकांशी बोलतात. या प्रकाराला हॅम मंडळी सीडब्ल्यू म्हणतात, म्हणजे कंटिन्युअस वेव्ह. ५ वॅटमध्ये, साध्या वायरच्या अँटेनावर हजारो किलोमीटर दूरचा माणूस सापडतो, ही त्याची खरी मजा.

नवीन परवाना मिळालेली मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात: “दादा, सीडब्ल्यूसाठी २५० हर्ट्झचा क्रिस्टल फिल्टर मिळतोय, घेऊ का?” प्रश्न छोटा आहे, पण पैसे छोटे नाहीत. हे फिल्टर बहुतेक वेळा बाहेरून मागवावे लागतात. फिल्टरची किंमत, वर टपालखर्च, वर कस्टम ड्युटी. कॉलेजात जाणाऱ्या मुलाची सहा महिन्यांची बचत त्यात जाऊ शकते. आणि एवढं करून चुकीचा फिल्टर आला तर तो दुसऱ्या रेडिओत बसतही नाही.

म्हणून आज आपण नीट समजून घेऊ की हा फिल्टर नेमकं काय करतो, किती अरुंद असावा आणि कोणाला त्याची गरजच नाही. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: एकच फिल्टर घेणार असाल तर ४०० ते ५०० हर्ट्झचा घ्या. आता कारणं बघू.

## फिल्टर म्हणजे काय?

फिल्टर म्हणजे चाळण. रव्याची चाळण वेगळी, मैद्याची वेगळी. रेडिओची चाळण फ्रिक्वेन्सी चाळते: हवा तेवढा पट्टा आत घेते, बाकीचं बाहेर ठेवते.

माणसाचा आवाज एसएसबी पद्धतीने पाठवायला साधारण २४०० हर्ट्झ, म्हणजे २.४ किलोहर्ट्झ रुंदीचा पट्टा लागतो. त्यामुळे बहुतेक एचएफ रेडिओंमध्ये कंपनीकडूनच त्या रुंदीचा फिल्टर बसवलेला असतो. मोर्सला मात्र एवढी जागा लागतच नाही. एकच सूर चालू-बंद होत असतो, बस.

२४०० हर्ट्झच्या खिडकीतून मोर्स ऐकलं तर काय होतं? स्पर्धेच्या दिवशी त्या एकाच खिडकीत सात-आठ स्टेशनं मावतात. सगळी एकदम वाजतात, प्रत्येकाचा सूर वेगळा. लग्नाच्या हॉलमध्ये सगळे एकदम बोलत असताना कोपऱ्यातल्या आजीचं बोलणं ऐकायचं, तसं ते असतं. खिडकी लहान केली की गर्दी कमी होते.

## क्रिस्टलच का?

क्वार्ट्झच्या पातळ चकतीवर व्होल्टेज दिलं की ती अगदी किंचित आकार बदलते, आणि चकती दाबली की व्होल्टेज तयार होतं. याला पीझोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात. फ्रान्समधल्या क्युरी बंधूंनी तो १८८० मध्ये दाखवून दिला. चकतीच्या जाडीवर तिची कंपनाची फ्रिक्वेन्सी ठरते, आणि ती चकती त्या एका फ्रिक्वेन्सीला फार हट्टाने धरून बसते. हा हट्टच आपल्याला हवा असतो.

अशी ४, ६ किंवा ८ क्रिस्टल एका ओळीत जोडली की क्रिस्टल फिल्टर तयार होतो. क्रिस्टलांची संख्या म्हणजेच ‘पोल’. ८ पोलचा फिल्टर म्हणजे ८ क्रिस्टलांचा.

आता क्रिस्टल ट्यून करता येत नाही, मग बँडवर फिरायचं कसं? रेडिओ उलट काम करतो. आलेला प्रत्येक सिग्नल तो एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणून ठेवतो, उदाहरणार्थ ९ मेगाहर्ट्झवर. हिला इंटरमीजिएट फ्रिक्वेन्सी, म्हणजे आयएफ म्हणतात. चाळण जागेवरच राहते, आपण पीठ तिच्याकडे आणतो.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जेम्स लँब यांनी १९३२ मध्ये क्यूएसटी या मासिकात क्रिस्टल फिल्टर वापरणारा ‘सिंगल सिग्नल’ रिसीव्हर मांडला. त्याआधीच्या साध्या रिसीव्हरवर ट्यून करताना एकच स्टेशन दोनदा ऐकू यायचं, मधल्या शून्याच्या एका बाजूला एकदा आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा. अरुंद क्रिस्टल फिल्टरने त्यातली एक बाजू जवळजवळ गायब केली. म्हणजे आधीच गच्च भरलेल्या बँडवर एकदम निम्मी गर्दी कमी.

आणि हो, तुमच्या खिशातल्या फोनमध्येही याच पीझोइलेक्ट्रिक तत्त्वावर चालणारे सॉ आणि बॉ नावाचे सूक्ष्म फिल्टर असतात. तुमच्या नेटवर्कचा बँड शेजारच्या बँडपासून वेगळा ठेवायचं काम ते करतात.

## मोर्सला खरंच किती रुंदी लागते?

इथे थोडं गणित करू, घाबरू नका. मोर्सचा वेग शब्द प्रति मिनिटात मोजतात. त्यासाठी ‘पॅरिस’ हा इंग्रजी शब्द प्रमाण धरतात, कारण तो पुढच्या मोकळ्या जागेसकट बरोबर ५० डॉटच्या लांबीचा होतो. त्यावरून एका डॉटचा वेळ काढता येतो: १२०० भागिले वेग, उत्तर मिलिसेकंदात. लागणारी रुंदी म्हणजे ढोबळमानाने वेगाच्या चौपट हर्ट्झ, थोडी जास्तच.

- १२ शब्द प्रति मिनिट: एक डॉट १०० मिलिसेकंद, रुंदी साधारण ५० हर्ट्झ
- २० शब्द प्रति मिनिट: एक डॉट ६० मिलिसेकंद, रुंदी साधारण ८३ हर्ट्झ
- ३० शब्द प्रति मिनिट: एक डॉट ४० मिलिसेकंद, रुंदी साधारण १२५ हर्ट्झ

म्हणजे मोर्सला १०० हर्ट्झच्या आसपास जागा पुरते. मग १०० हर्ट्झचाच फिल्टर का घेऊ नये? चार अडचणी आहेत.

१. समोरचा तुमच्या नेमक्या फ्रिक्वेन्सीवर नसतो. तुम्ही सीक्यू दिला, म्हणजे ‘कोणी आहे का?’ अशी हाक मारली, की उत्तर देणारा १०० ते २०० हर्ट्झ इकडे-तिकडे असू शकतो. खिडकी फार लहान असेल तर तो तुम्हाला ऐकूच येणार नाही. तुम्ही पुन्हा सीक्यू देत बसाल आणि तो बिचारा निघून जाईल.

२. फिल्टर घुमतो. देवळातली घंटा एकदा वाजवली की घुमत राहते ना, तसंच. चाळण जितकी अरुंद, तितका तिला सूर उचलायला आणि सोडायला वेळ लागतो. ५०० हर्ट्झच्या फिल्टरला साधारण दीड मिलिसेकंद, २५० ला सुमारे ३, १०० ला ७ आणि ५० हर्ट्झला तब्बल १४ मिलिसेकंद. ३० शब्दांच्या वेगाला डॉट ४० मिलिसेकंदांचा आणि मधली शांतताही ४० चीच. त्यात १४ मिलिसेकंद चढायला आणि १४ उतरायला गेले तर डॉट एकमेकांना चिकटतात. फिल्टरच्या कडा फार उभ्या असतील तर घुमणं आणखी वाढतं. बँडवरचा साधा कडकडाटही मग ‘टिंग’ असा सुरात वाजतो आणि डॉटसारखा भासतो.

३. सिग्नल थोडा कमी होतो. प्रत्येक क्रिस्टल थोडी ताकद खातं. फिल्टर जितका अरुंद, तितकं हे नुकसान जास्त. अरुंद फिल्टर लावला की एस-मीटरचा काटा खाली येतो तो त्यामुळेच.

४. ट्यूनिंग अवघड होतं. नॉब जरा फिरवला की स्टेशन गायब. घरी बनवलेला सेट तापल्यावर फ्रिक्वेन्सी सरकत असेल तर समोरच्याच्या मागे धावण्यातच वेळ जातो.

## मग अरुंद फिल्टरचा खरा फायदा कोणता?

बऱ्याच जणांना वाटतं, अरुंद फिल्टर घेतला की आवाजातली खरखर जाते. हे अर्धच खरं आहे. २४०० वरून ५०० हर्ट्झवर आलात की खरखरीची ताकद जवळजवळ पाचपट कमी होते, म्हणजे ७ डीबी. हा फरक कानाला लगेच कळतो. पण ५०० वरून २५० वर आलात की फक्त ३ डीबी. आणि तेवढंही पूर्ण हाती लागत नाही, कारण आपले कान आणि मेंदू स्वतःच एक फिल्टर आहेत. ६०० हर्ट्झच्या सुराभोवती कान साधारण १०० हर्ट्झचा पट्टा वेगळा काढू शकतो. सराव असलेला ऑपरेटर डोळे मिटून गर्दीतला एक सूर पकडतो, तो याच्याच जोरावर.

कानाला जमत नाही ते काम वेगळंच आहे. समजा, तुम्ही एस ३ चा कमजोर सिग्नल ऐकताय आणि ६०० हर्ट्झ बाजूला एस ९ अधिक २० डीबीचा दांडगा शेजारी आहे. एका एस युनिटचे ६ डीबी धरले, तर दोघांत ५६ डीबीचा फरक आहे. म्हणजे शेजाऱ्याची ताकद तुमच्या सिग्नलच्या सुमारे ४ लाख पट!

रेडिओमध्ये एजीसी नावाचं एक सर्किट असतं. मोठा सिग्नल आला की ते आपोआप आवाज कमी करतं. फिल्टर रुंद असेल तर शेजाऱ्याच्या प्रत्येक डॉटला एजीसी दबून जातं, आणि त्याबरोबर तुमचं कमजोर स्टेशनही बुडतं. शेजाऱ्याच्या तालावर तुमचं स्टेशन येतं-जातं. सिग्नल कानापर्यंत पोचण्याआधीच मारला गेला, तर कान कितीही तयार असून उपयोग काय?

क्रिस्टल फिल्टर एजीसीच्या आणि मोठ्या ॲम्प्लिफायरच्या आधी बसतो. दांडग्या शेजाऱ्याला तो दारातच अडवतो. हाच त्याचा खरा फायदा. कानात घालायच्या आधीचा ऑडिओ फिल्टर किंवा आवाजावर चालणारं डीएसपी कानाला मदत करतं, पण तोपर्यंत एजीसी दबलेलं असतं.

## फक्त ‘५०० हर्ट्झ’ एवढंच लेबल बघू नका

फिल्टरवर लिहिलेली रुंदी ही ६ डीबी खाली मोजलेली असते. पण चाळणीच्या कडा किती उभ्या आहेत, हे ६० डीबी खालच्या रुंदीवरून कळतं. या दोन आकड्यांच्या गुणोत्तराला शेप फॅक्टर म्हणतात. तो जितका लहान, तितका फिल्टर कडक.

वरच्याच उदाहरणात दोन फिल्टर लावून बघू. दोघांवर ५०० हर्ट्झच लिहिलंय.

- पहिला ८ पोलचा: ६० डीबीला रुंदी १००० हर्ट्झ, शेप फॅक्टर २. शेजारी ६०० हर्ट्झ दूर आहे, म्हणजे तो ६० डीबीपेक्षा जास्त दबला. आता तो तुमच्या स्टेशनपेक्षाही कमजोर झाला.
- दुसरा ४ पोलचा: ६० डीबीला रुंदी २००० हर्ट्झ, शेप फॅक्टर ४. ढोबळ हिशोबाने शेजारी ३० डीबीच्या आसपास दबला. म्हणजे अजूनही तो तुमच्यापेक्षा सुमारे २५ डीबीने वरचढ आहे.

लेबल एकच, अनुभव पूर्ण वेगळा. म्हणून मी ढिल्या कडांच्या २५० हर्ट्झ फिल्टरपेक्षा चांगल्या कडांचा ४०० किंवा ५०० हर्ट्झचा फिल्टर पसंत करतो. तो कानाला मोकळा वाटतो आणि शेजाऱ्यालाही अडवतो.

## तुमच्यासाठी कोणता?

नवीन शिकणारे, रोजच्या गप्पा मारणारे: ५०० हर्ट्झ. उत्तर देणारा थोडा बाजूला असला तरी ऐकू येतो, घुमण्याचा त्रास नाही.

रेडिओत एकच जागा आहे: ४०० किंवा ५०० हर्ट्झ. दुसरा विचार नको.

स्पर्धा आणि दूरच्या दुर्मिळ स्टेशनांची शिकार: आधी ५००, मग दुसऱ्या जागेत २५० ते ३०० हर्ट्झ. ऐकत फिरायचं ५०० वर, गर्दीत अडकलात की बटण दाबून २५० वर.

३० शब्दांपेक्षा जास्त वेग: मुख्य फिल्टर ४०० ते ५००. त्याहून अरुंद फक्त अडचणीच्या वेळी.

डायरेक्ट सॅम्पलिंग एसडीआर वापरणारे: पैसे वाचवा. आयकॉम आयसी-७३०० सारख्या रेडिओत सिग्नल थेट अंकांमध्ये बदलला जातो आणि गाळणी सॉफ्टवेअरमध्ये होते. तिथे क्रिस्टल फिल्टर बसवायची जागाच नसते. रुंदी मेनूतून बदला, खर्च शून्य.

## विकत घेण्याआधी हे तपासा

१. आयएफ फ्रिक्वेन्सी जुळते का? केनवुडचे वायके-८८सी (५०० हर्ट्झ) आणि वायके-८८सीएन (२७० हर्ट्झ) ८.८३ मेगाहर्ट्झचे आहेत, तर आयकॉमचे एफएल-१०० (५०० हर्ट्झ) आणि एफएल-१०१ (२५० हर्ट्झ) ९ मेगाहर्ट्झचे. एकाचा दुसऱ्यात चालत नाही.

२. तो क्रिस्टल फिल्टरच आहे का? येसू एफटी-८१७ साठीचा वायएफ-१२२सी हा ४५५ किलोहर्ट्झचा कॉलिन्स मेकॅनिकल फिल्टर आहे. त्यात क्वार्ट्झऐवजी धातूचे भाग कंप पावतात. काम तेच, आणि तो चांगलाही आहे. पण नाव वेगळं असल्याने शोधताना गोंधळ होतो.

३. मध्य जुळतो का? फिल्टरचा मध्य तुमच्या रेडिओच्या सीडब्ल्यू सुराशी जुळायला हवा. रेडिओ ७०० हर्ट्झचा सूर धरून चालत असेल आणि फिल्टरचा मध्य भलतीकडे असेल, तर स्टेशन नेमकं चाळणीच्या कडेला येतं. रुंद फिल्टरमध्ये हे खपून जातं, २५० मध्ये नाही.

४. ६ आणि ६० डीबी, दोन्ही आकडे विचारा. शिवाय पोल किती तेही.

५. जुना घेताय? लेबलचा आणि पिनांचा स्पष्ट फोटो मागवा. मॉडेल नंबर रेडिओच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या यादीशी ताडून बघा. फिल्टर बसवल्यावर काही रेडिओंना मेनूतून तसं सांगावंही लागतं.

## स्वतः बनवायचा असेल तर

हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटएक्स रेडिओने भारतीय हॅमना एक गोष्ट शिकवली: बाजारातल्या स्वस्त क्रिस्टलांपासूनही चांगला फिल्टर बनतो. एकसारखी क्रिस्टल शिडीसारखी जोडायची आणि मधून कपॅसिटर जमिनीला द्यायचे. याला लॅडर फिल्टर म्हणतात. बिटएक्समध्ये तो आवाजासाठी, म्हणजे रुंद असतो. तीच शिडी मोर्ससाठी अरुंद करता येते. कपॅसिटर मोठे केले की पट्टा अरुंद होतो.

जुन्या पाल कलर टीव्हीतली ४.४३ मेगाहर्ट्झची क्रिस्टल यासाठी छान. कारण असं: स्वस्त क्रिस्टलचा क्यू एक लाख धरला, तर ४.४३ मेगाहर्ट्झला त्या क्रिस्टलची स्वतःची रुंदी सुमारे ४४ हर्ट्झ येते, १२ मेगाहर्ट्झला मात्र १२० हर्ट्झ. त्या १२० मधून २५० हर्ट्झचा नेटका फिल्टर काढणं कठीण. कडा गोल होतात आणि सिग्नल बराच खाल्ला जातो.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांमधून एकाच लॉटची १५-२० क्रिस्टल घ्या, प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी मोजा आणि जवळजवळची निवडा. नियम साधा आहे: क्रिस्टलांमधला फरक फिल्टरच्या रुंदीच्या १० टक्क्यांच्या आत हवा. ५०० हर्ट्झच्या फिल्टरला ५० हर्ट्झ, २५० ला फक्त २५. जितका अरुंद, तितकी निवड कडक. तयार फिल्टरचा आलेख नॅनोव्हीएनएवर स्क्रीनवरच दिसतो. ग्रुपमध्ये कोणाकडे असेल तर मागून घ्या.

## पैसे खर्च करण्याआधी फोनवर ऐकून बघा

नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर फोनच्या ब्राउझरमध्ये फुकट ऐकता येतो. आपल्याकडे दुपारी १४००० ते १४०५० किलोहर्ट्झ, रात्री ७००० ते ७०३० किलोहर्ट्झ लावा. सीडब्ल्यू मोड निवडा, इअरफोन घाला आणि फिल्टरची रुंदी हळूहळू कमी करत जा. गर्दी कुठे कमी होते, कुठल्या रुंदीला आवाज पोकळ आणि घुमल्यासारखा होतो, कुठे शेजारचं स्टेशन हातातून सुटतं, हे तुमचे कानच सांगतील. इथली गाळणी सॉफ्टवेअरची आहे, त्यामुळे एजीसीचा खेळ खऱ्या रेडिओसारखा कळणार नाही. पण तुमच्या कानाला किती रुंदी सुखाची वाटते, हे नक्की कळेल. शनिवार-रविवारी एखादी स्पर्धा चालू असेल तर आणखी उत्तम.

ऐकून झाल्यावर स्वतः सिग्नल पाठवायची इच्छा झाली, तर आधी दूरसंचार विभागाची हॅम परीक्षा आणि परवाना, मग सेट, आणि फिल्टर त्यानंतर.

तर मित्रांनो, थोडक्यात: अरुंद फिल्टर दांडग्या शेजाऱ्याला दारात अडवण्यासाठी असतो, उरलेलं काम कानावर सोडा. पहिला फिल्टर ४०० ते ५०० हर्ट्झचा, चांगल्या कडांचा. २५० चा नंतर, गरज पडली तर. आणि त्या बचतीतून उरलेल्या पैशांत एक चांगली मोर्स की आणि अँटेनासाठी वायर घ्या. तुमच्या रेडिओचं मॉडेल आणि आयएफ कमेंटमध्ये लिहा, कोणता फिल्टर बसेल ते मिळून शोधू.